वाद्यवृंदाचा खरा देणगीदार

सिंफनी ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमपत्रिकेची अखेरची पाने देणगीदारांच्या नावांनी भरलेली असतात. रकमेप्रमाणे त्यांच्या श्रेणीही लावतात. आपल्याकडील धर्मशाळांच्या पायऱ्यांवर कोरलेल्या नावांची आठवण व्हावी असा तो प्रकार. मात्र सर्वांत मोठ्या देणगीदाराचे नाव त्या यादीत कधीच नसते. तो म्हणजे कमी वेतनावर वाजवणारा वादक.

ह्यामागील अर्थशास्त्र विल्यम बॉमोल व विल्यम बोवेन ह्यांनी १९६६ साली मांडले. कापडगिरणीत यंत्रे सुधारली की तेवढेच कामगार अधिक कापड काढतात व वाढीव वेतनाचा भार त्यातून भागतो. बेथोव्हनची पाचवी सिंफनी १८०८ साली व्हिएन्नात प्रथम वाजली. ती वाजवायला आजही अर्ध्या तासाच्या आसपासच वेळ लागतो, आणि माणसांची गरजही कमी झालेली नाही. इतर उद्योगांतील वेतनाबरोबर वादकाचे वेतन वाढले पाहिजे. उत्पादकता मात्र जागच्या जागी. म्हणजे ही तूट केवळ व्यवस्थापकांच्या गाफीलपणाची नव्हे, ती ह्या कलेच्या स्वरूपातच आहे. ती भरण्याचे मार्ग मोजके: तिकिटे महाग करणे, सरकारने किंवा समाजाने पैसा देणे, नाही तर वादकाला कमी देणे. तिसरा मार्ग सर्वांत सोपा, कारण त्याची पावती फाडावी लागत नाही.

मुंबईला हा मार्ग अपरिचित नाही. मेहली मेहता ह्यांनी १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. त्या काळातील शहराच्या अनेक गोमंतकीय वादकांची चूल हॉटेलांतील व पुढे हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणातील कामावर पेटत असे. सिंफनीसाठी काढलेला त्यांचा वेळ हे दानच होते. तसे ते कोणी नोंदले नाही, इतकेच.

मग एखाद्या उदार धनिकाने तूट भरली तर? बोस्टनमध्ये हेन्री ली हिगिन्सन ह्या सावकारी पेढीच्या भागीदाराने १८८१ साली सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला व १९१८ पर्यंत वर्षानुवर्षे तूट स्वतः सोसली. सामान्यांना परवडावीत म्हणून त्याने पंचवीस सेंटांची तिकिटे ठेवली. त्याच्या औदार्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु वादकांनी कामगार संघटनेत जाणे त्याला मान्य नव्हते. त्याच्या मृत्यूनंतर, १९२० साली वादकांनी संप केला, तीसेक जण बाहेर पडले. संघटनेला मान्यता मिळायला १९४२ साल उजाडले. जो तूट भरतो तो हुकूम चालवतो, मग तो कितीही सज्जन असो.

जर्मनीतील शहरे व राज्ये सार्वजनिक निधीतून वाद्यवृंद पोसतात. वस्तुतः तोच न्याय्य मार्ग. जिथे तो नाही तिथे शेकडो लोकांच्या लहान, नियमित वर्गण्या एका मोठ्या धनादेशापेक्षा मोलाच्या, कारण त्यांतील कोणाही एकाला कार्यक्रम ठरवता येत नाही की वादकाला दम देता येत नाही.

स्वयंसेवकांचेही असेच. तिकिटे विकणे, प्रेक्षकांना जागा दाखवणे, वर्गणी गोळा करणे, शाळेतील मुलांना मैफलीला आणणे, पाहुण्या वादकाला घरी उतरवून घेणे ही कामे नागरिकांनी अवश्य करावीत. मात्र रंगमंचावरील पगारी कामगाराला काढून त्याच्या जागी फुकट हात लावणे, किंवा आजारी व्हायोलिनवादकाऐवजी हौशी माणूस बसवून त्याचे मानधन वाचवणे, ही सेवा नव्हे. ती वेतनकपात आहे. सेवाभावी मंडळींना हा भेद सांगितला की ती दुखावतात, पण सांगितलाच पाहिजे.

न्यू ऑर्लिन्सची हकीकत ह्या संदर्भात पाहण्यासारखी आहे. तेथील जुना वाद्यवृंद दिवाळखोरीत गेल्यावर १९९१ साली वादकांनीच लुइझियाना फिलहार्मोनिक स्थापन केला व कारभार आपल्या हाती ठेवला. पैसा तुटपुंजा होता, वेतनही. पण किती सोसायचे हे सोसणारेच ठरवू लागले. २००५ च्या कतरिना वादळात त्यांचे ऑर्फियम थिएटर पाण्याखाली गेले, वादक देशभर विखुरले. तेव्हा नॅशव्हिल व न्यूयॉर्क येथील वाद्यवृंदांनी त्यांना आपल्या रंगमंचावर बोलावले, त्यांच्याबरोबर वाजवून मदतनिधी जमवला. ऑर्फियम पुन्हा उघडायला २०१५ उजाडले. मधली वर्षे हे वादक चर्चमध्ये, महाविद्यालयांच्या सभागृहांत, मिळेल तिथे वाजवत राहिले.