जुडी हॉलिडे: बावळटपणा कोणाचा?

जुडी हॉलिडे (1921–1965) या अमेरिकी अभिनेत्रीविषयी दोन समज रूढ आहेत. पडद्यावरची सोनेरी केसांची बावळट पोरगी म्हणजेच खरी जुडी, हा पहिला. दुसरा 1951 सालच्या ऑस्करचा. ‘ऑल अबाउट ईव्ह’मधल्या बेटी डेव्हिस आणि अ‍ॅन बॅक्स्टर यांच्यात मते फुटली आणि दोघींच्या भांडणात तिसरीचा लाभ झाला, असे म्हणतात.

अकादमी मतांचे आकडे जाहीर करत नाही, त्यामुळे दुसरा समज निव्वळ तर्कच ठरतो. पुरस्कार मिळाला तो ‘बॉर्न यस्टरडे’तल्या बिली डॉनसाठी. मूळ नाटकातून जीन आर्थर ऐनवेळी बाहेर पडली, तेव्हा ही भूमिका जुडीकडे आली. 1946 पासून सुमारे तीन वर्षे तिने ती ब्रॉडवेवर गाजवली. तरीही कोलंबिया स्टुडिओचा प्रमुख हॅरी कोहन तिला चित्रपटात घ्यायला राजी नव्हता. ‘अ‍ॅडम्स रिब’मधल्या (1949) तिच्या कामाने त्याचा विरोध मावळला. ‘बॉर्न यस्टरडे’ चित्रपटातला पत्त्यांचा प्रसंग पाहावा. बिली जवळजवळ न बोलता पाने लावते, गुणगुणते आणि भंगाराचा बडा व्यापारी असलेल्या ब्रॉकला डावामागून डाव हरवते. हाताची चपळाई आणि चेहऱ्यावरची बेफिकिरी यांचा इतका अचूक मेळ नशिबाने जमत नाही.

पहिला समज तर तिच्या पूर्वायुष्यापुढेच टिकत नाही. बेटी कॉमडेन आणि अ‍ॅडॉल्फ ग्रीन यांच्यासोबत ‘द रेव्ह्यूअर्स’ या मंडळीत ती राजकीय-सामाजिक विडंबने सादर करत असे. 1952 मध्ये कम्युनिस्ट संबंधांवरून सिनेटच्या उपसमितीने तिला बोलावले. तिथे ती भोळी, गोंधळलेली उत्तरे देत राहिली. सहकाऱ्यांपैकी एकाचेही नाव तिच्याकडून निघाले नाही. हा धीटपणा उघड विरोधाचा नव्हता, हे मान्य करावे लागेल. पण नावे सांगून सुटलेल्या नामवंतांपेक्षा तो सरस होता. रेडिओ आणि टेलिव्हिजनवरचे तिचे काम तरीही काही काळ थांबलेच.

एका साच्यात ती अडकली, हा आक्षेप मात्र खरा आहे. दोष स्टुडिओचा. साच्यातही तिने जागा शोधली: ‘द मॅरीइंग काइंड’मध्ये (1952) मुलाच्या मृत्यूने कोसळलेली आई तिने विनोदाच्या सुरातूनच उभी केली. ‘बेल्स आर रिंगिंग’ ही संगीतिका कॉमडेन-ग्रीननेच लिहिली. 1957 चा टोनी पुरस्कार तिला त्यासाठी मिळाला, तोही ‘माय फेअर लेडी’च्या ज्युली अँड्र्यूजला मागे टाकून. याच संगीतिकेवरचा 1960 चा चित्रपट तिचा शेवटचा. 1965 मध्ये कर्करोगाने तिचे निधन झाले, तेव्हा ती 43 वर्षांची होती.