फिकी शाई, पक्का कागद



ईदकार्डावर लोणारच्या गुलाबी रंगात लिहायची हौस आपल्या बुलडाण्यातल्या मुलींना असणारच. जून 2020 मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं, ते खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. आपण तो रंग वाटीत करू.

शाईत पांढरा रंग मिसळू नका. त्याचे जड कण तळाशी बसतात आणि निब तुंबते. फिकेपणासाठी पाणीच घाला. पांढरेपणा कागद देतो.

मायफळ-हिराकशीची पक्की शाई इथे चालत नाही. हवा लागली की ती काळवंडते, आणि आम्लधर्मी असल्याने दुसऱ्या शाईत घातल्यास साका धरू शकतो. रंगकणांची पक्की शाई घ्या, तीही एकाच कंपनीची, एकाच प्रकारातली. लाल एक थेंब, डिस्टिल्ड पाणी दहा थेंब, टाचणीच्या टोकावर राहील इतकी निळी. झाकून दोन दिवस ठेवा. गाळ दिसला तर पेनात भरू नका. थोडीच करा, पाणी घातलेल्या शाईला बुरशी लवकर धरते.

एक मात्र ध्यानात ठेवा. पातळ केलेला रंग उजेडात लवकर उडतो. कार्डाला चालेल, पण निकाहनामा, मेहरची रक्कम, उसनवारीचा कागद यांना नाही. देणंघेणं लिहून ठेवायला कुरआननेच सांगितलं आहे (सूरह बकरा, आयत 282). तिथे पाणी न घातलेली पक्की काळी शाईच वापरा. लेकीच्या हक्काचं अक्षर फिकं पडता कामा नये.