रेणूंचा तराजू

बाजारांतील वजनें खोटीं असलीं तर गिऱ्हाईक तीं पडताळून पाहूं शकतें. परंतु दुधांत, औषधांत अथवा पाण्यांत कोणतें द्रव्य मिसळलें आहे, हें डोळ्यांस कळत नाहीं. 2015 सालीं मुंबईंतील मालवणी येथें मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन शंभरांहून अधिक माणसें दगावलीं. मिथेनॉलचा रेणुभार 32 आणि साध्या मद्यार्काचा 46; जिभेस हा भेद उमगला नाहीं.

अणुरेणूंचा तराजू मात्र शास्त्रज्ञांनीं केव्हांच सिद्ध केला आहे. त्यास मास स्पेक्ट्रोमीटर म्हणतात. केंब्रिज येथील टॉमसन यांच्या प्रयोगांवरून त्यांचे साहाय्यक ॲस्टन यांनीं 1919 सालीं असें यंत्र रचिलें व 1922 चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळविलें. रेणूंस विद्युत्‌भार द्यावयाचा, त्यांस निर्वात पोकळींत विद्युत् अथवा चुंबकीय क्षेत्रांतून न्यावयाचें व हलके-जड निवडावयाचे, हें त्याचें तत्त्व.

अडचण आहे ती निर्वाताची. हवा सतत उपसण्यास मोठा पंप व पुष्कळ वीज लागते. म्हणून हें यंत्र प्रयोगशाळेंतच अडकलें. अमेरिकेंतील पर्ड्यू विद्यापीठांत ग्रॅहम कुक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 2006 सालीं सुमारें 10 किलोग्रॅम वजनाचें, 70 वॅटवर चालणारें यंत्र केलें. 2008 सालीं त्यांनीं एक युक्ति योजिली: नमुना आंत येण्याचें दार क्षणमात्र उघडून लगेच मिटावयाचें, म्हणजे लहान पंपासही हवा उपसण्यास अवसर मिळतो. त्याच वर्षीं 14 नोव्हेंबर रोजीं, चांद्रयानांतून सोडलेल्या पेटींतील अशाच जातीच्या लहान यंत्रानें चंद्रावर उतरतांना तेथील अतिविरळ वातावरण तपासलें.

लहान यंत्रास मोठ्याची सूक्ष्म दृष्टि नसते व त्याची किंमतही थोडी नाहीं, हा आक्षेप खरा आहे. तथापि आमचें मत असें कीं, दूरच्या शहरांतून उशिरां येणाऱ्या अचूक उत्तरापेक्षां दवाखान्याच्या दारांत तत्काळ मिळालेली सूचना पुष्कळदां अधिक प्राण वांचवील. संशय आल्यावर मोठ्या यंत्राचा निर्णय अवश्य घ्यावा. परंतु जें चंद्रापर्यंत पोहोंचलें, तें तालुक्याच्या गांवीं पोहोंचूं नये, हें आम्हांस मान्य नाहीं.

विद्यार्थ्यांनो, त्या युक्तीचें मर्म दार केव्हां उघडावें व केव्हां मिटावें, एवढ्या विचारांत होतें. असा विचार आपल्या वर्गांतील बाकावरही सुचूं शकतो. पालकांस विनंति इतकीच कीं, मुलानें घरांतील बंद पडलेलें घड्याळ उघडलें, तर त्यास रागावूं नये.