शाल, श्रीफळ आणि फाइल

‘आमचे कार्यालय म्हणजे एक कुटुंबच’ हे वाक्य ज्यात उच्चारले गेले नाही असा निरोपसमारंभ आमच्या पाहण्यात नाही. शाल येते, श्रीफळ येते, वक्त्यांचे कंठ दाटून येतात. आणि त्याच सत्कारमूर्तीचे निवृत्तिवेतनाचे कागद त्याच इमारतीत कोणाच्या तरी मेजावर तीन तीन महिने पडून असतात. या कुटुंबवत्सलतेविषयी आम्हांस फार दिवसांपासून बोलावयाचे होते.

कचेरीत प्रेम कशाला, तेथे शिस्त हवी. प्रेमाने माणसे शेफारतात, असे म्हणणारा एक पक्ष आहे. त्याने प्रेम म्हणजे वरिष्ठांची मेहेरबानी असे धरून चालविले आहे. मेहेरबानीने माणसे शेफारतात खरी, कारण ती एकास मिळते नि दुसऱ्यास नाही. आस्थेचे तसे नाही. विधवेचा अर्ज आला त्याच दिवशी पुढे सरकणे, ही कारकुनाची आस्था. तिला गहिवर लागत नाही. आवक-जावक वही पुरते.

ज्या दल्ली-राजहराच्या लोहखनिजावर भिलाईची पहिली भट्टी १९५९ साली पेटली, तेथील ठेकेदारी मजुरांकडे पाहा. त्यांच्या संघटनेतील एक पुढारी स्त्री बाळंतपणात दगावली. शोकसभेवर ते थांबले नाहीत. शंकर गुहा नियोगींच्या या सोबत्यांनी वर्गणी काढून, स्वतः विटा-माती वाहून १९८३ साली शहीद रुग्णालय उभे केले. १९७७ च्या गोळीबारात पडलेल्यांचे ते स्मारक. नियोगींचा १९९१ मध्ये येथे भिलाईतच खून झाला; रुग्णालय बंद पडले नाही.

आणि आम्ही मराठी बाबूमंडळी? ९ ऑक्टोबर २०१८ रोजी पोलाद कारखान्याच्या कोक ओव्हन विभागात वायुवाहिनीचा स्फोट होऊन दहाहून अधिक माणसे गेली, तेव्हा गाव हळहळले, आम्हीही हळहळलो. हळहळीस खर्च नसतो. आपल्या मजल्यावरील लादी रोज पुसणाऱ्या ठेकेदारी बाईचे नाव आपल्यापैकी कितीजणांस ठाऊक आहे? गणपतीच्या आरतीस तिला प्रसाद देतो, तेवढाच संबंध. आम्ही सहा वर्षे तिला काही विचारले नाही. परवा विचारले, तेव्हा कळले की तिच्या मजुरीतून भविष्यनिर्वाह निधी दरमहा कापला जातो. भरला मात्र कधीच गेलेला नाही.

तिच्या वतीने दोन अर्ज केले. एक सहीअभावी परत आला, दुसऱ्याची पोच नाही. तिसरा लिहून ठेवला आहे. त्यावर आमच्याखेरीज आणखी चार सह्या हव्या आहेत. निरोपसमारंभांतून बोलणारे चौघेजण आमच्याच शाखेत आहेत. सोमवारी त्यांच्याकडे जात आहोत.