पेटीचा मध नकली नसतो

मध विकत घेताना आपण सगळे एकच प्रश्न विचारतो. 'असली आहे ना?' विकणाराही ठरलेलं उत्तर देतो. 'एकदम असली, जंगलातला.' मग घरी आणून आपण पाण्यात थेंब टाकून बघतो, कापसाच्या वातीला मध लावून काडी ओढतो, अंगठ्याच्या नखावर थेंब ठेवतो. कुणी म्हणतं, असली मधाला कुत्रा तोंड लावत नाही. एवढं करून मनासारखं उत्तर मिळालं, की बाटली फडताळात जाते आणि रमजानमध्ये किंवा खोकल्याच्या दिवसांत बाहेर येते.

उर्दू शिकवणाऱ्या माणसाला इथे गंमत वाटते. मधाला अरबीत 'असल' म्हणतात, तो ऐन आणि सीनने लिहितात. खऱ्याला 'अस्ल' म्हणतात, तो अलिफ आणि स्वादने. मराठीत लिहिताना दोन्ही जवळजवळ सारखेच दिसतात आणि आपला गोंधळही तसाच आहे. असली-नकलीची चर्चा आपण तासभर करू शकतो, पण हा मध कोणत्या माशीचा, कुठल्या फुलांचा, कधी आणि कसा काढला, हे विचारायला आपल्याकडे शब्दच नाहीत. माझं म्हणणं एवढंच आहे: मधमाश्या पाळणाऱ्यांच्या बोलीतले दहा-पंधरा शब्द गिऱ्हाइकाला कळले, तर भेसळ करणाऱ्याची अडचण होईल, मधपाळाला दाम मिळेल आणि माश्याही वाचतील.

आधी त्या घरगुती चाचण्यांचं बघू. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने डिसेंबर २०२० मध्ये १३ ब्रँडचा मध तपासला आणि त्यातले फक्त ३ सगळ्या चाचण्यांत उतरले, असं जाहीर केलं. कंपन्यांनी ते नाकारलं. तो वाद बाजूला ठेवू. त्यात आपल्या कामाची गोष्ट अशी, की आपल्याकडच्या नेहमीच्या प्रयोगशाळेतल्या चाचण्यांना चकवणारे साखरेचे पाक बाजारात मिळतात, असं त्या संस्थेचं म्हणणं होतं. जो पाक यंत्राला फसवतो, तो आपल्या काडीपेटीला आणि अंगठ्याला ऐकणार आहे का?

आता 'जंगलातला' या शब्दाकडे येऊ. आपल्या भागात मध गोळा करणाऱ्या माश्या मुख्यतः चार. आग्या ही मोठी, तापट माशी. उंच झाडाला, कड्याला किंवा पाण्याच्या टाकीखाली एकच भलंमोठं उघडं पोळं बांधते. ती पेटीत राहत नाही. फुलोरी ही लहान, झुडपाच्या फांदीवर एकच छोटं पोळं करते, तिचा मध थोडा. सातेरी झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत, अंधारात राहते आणि एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते. ही पेटीत नांदते. चौथी मेलिफेरा, बाहेरून आणलेली. १९६० च्या दशकात ती उत्तर भारतात स्थिरावली आणि आता सगळीकडे पाळली जाते. यांशिवाय डंख नसलेली एक इवलीशी माशी आहे, तिचा मध अगदीच थोडा.

बाजारात 'जंगली' म्हणून येणारा मध बहुतेक आग्याचा. तो पुष्कळदा कसा काढतात? रात्री मशाल लावून. माश्या होरपळतात, उरलेल्या सैरावैरा उडतात. मग सगळं पोळं कापायचं, अंड्या-अळ्यांसकट पिळायचं आणि फडक्यातून गाळायचं. त्या मधात परागही असतात आणि पिल्लांचा रसही. तो लवकर आंबतो. आणि या मधाला आपण जास्त पैसे मोजतो, कारण तो 'कुदरती' आहे.

मी मुफस्सिर नाही, शिक्षक आहे. पण सूरह अन-नहलमध्ये माशीला पहाडांत, झाडांत आणि माणसं जे उभारतात त्यात घर करण्याचा हुकूम आहे, हे आपल्या मुलांना ठाऊक असतं. शिफाचा उल्लेख तर पाठच असतो. त्याच परंपरेत आणखी दोन गोष्टी आहेत, त्या मात्र मधाच्या बाटलीवर कुणी छापत नाही. ज्या जिवांना मारायची मनाई हदीसमध्ये आहे, त्यात मधमाशी आहे. आणि जिवाला आगीने शिक्षा देण्याचा हक्क आगीच्या मालकाशिवाय कुणाला नाही, असंही अबू दाऊदच्या संग्रहात आलं आहे, तेही मुंग्यांचं वारूळ जाळल्याच्या प्रसंगात. मग मोहोळ जाळून आणलेला मध सुन्नत म्हणून चाटताना निदान एक प्रश्न मनात यायला हवा.

आग्याचा मध घेऊच नये, असं मी म्हणत नाही. जंगलात राहणाऱ्या कित्येक घरांची ती रोजी आहे. आग्याच्या पोळ्यात मध एका टोकाला, फांदीलगत साठवलेला असतो आणि पिल्लं दुसऱ्या भागात असतात. अंगभर पोशाख घालून, थोडा धूर देऊन फक्त मधाचा भाग कापला, तर बाकीचं पोळं शाबूत राहतं आणि माश्या तो भाग पुन्हा बांधतात. वर्ध्याच्या सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस या संस्थेने ही पद्धत मध गोळा करणाऱ्यांना शिकवली आहे. तेव्हा विचारायचा प्रश्न 'जंगली आहे का' हा नाही. 'पोळं जाळलं की कापलं' हा आहे.

आणि 'पेटीचा' म्हटलं की आपण नाक मुरडतो, जणू पेटीत मध तयार करायचं यंत्र बसवलंय. पेटी म्हणजे फक्त घर. सातेरीला ढोलीऐवजी लाकडाची खोली दिली, एवढाच फरक. मध माशीच आणते, फुलातूनच आणते. मला तर 'माणसं जे उभारतात त्यात' हे वाचताना मधपेटीच आठवते.

ही पेटी समजून घेणं अवघड नाही. खाली तळपाट, त्यात माश्यांचं दार. त्यावर पिल्लांची कोठी, तिच्यावर मधकोठी, वर झाकण. कोठ्यांमध्ये लाकडी चौकटी टांगलेल्या असतात आणि चौकटीत मेणपत्रा बसवतात, म्हणजे माश्या त्यावर सरळ पोळं बांधतात. सगळी करामत दोन चौकटींमधल्या फटीत आहे. अमेरिकेतल्या लँगस्ट्रॉथ या पाद्र्याच्या १८५१ मध्ये लक्षात आलं, की फट साधारण पाव ते ३/८ इंचाच्या मधली ठेवली, तर माश्या ती मेणाने किंवा डिंकाने बुजवत नाहीत, वाट म्हणून मोकळी सोडतात. त्यामुळे चौकट उचलून बघता येते आणि परत ठेवता येते. आपली सातेरी मेलिफेरापेक्षा लहान, म्हणून तिची पेटीही लहान आणि फटही जरा कमी. दक्षिणेत न्यूटन नावाच्या पाद्र्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तशी लहान पेटी तयार केली.

मध काढताना मधकोठीतल्या चौकटीवरची मेणाची टोपणं सुरीने उतरवतात आणि चौकट मधयंत्रात फिरवतात. मध बाहेर उडतो, पोळं तसंच राहतं, पुन्हा पेटीत जातं. मेण तयार करायला माश्यांना स्वतःचा कितीतरी मध खर्ची घालावा लागतो. पोळं वाचलं की ती मेहनत वाचते. पिल्लं पिळली जात नाहीत. आता सांगा, या दोन्हींत स्वच्छ मध कुठला?

इथे उर्दूपेक्षा मराठी पुढे आहे, हे कबूल करायला हवं. उर्दूत आपण सगळ्याला 'छत्ता' म्हणतो. मराठीत मोहोळ वेगळं आणि पोळं वेगळं. मोहोळ म्हणजे माश्यांचं अख्खं बिऱ्हाड, पोळं म्हणजे मेणाची ती षटकोनी कप्प्यांची चवड. मधपाळ जोपासतो ते मोहोळ. पोळं फक्त सामान.

या बिऱ्हाडात एक राणी, हजारो कामकरी आणि हंगामात काहीशे नर. मुलं हमखास विचारतात, 'सर, राजा कोण?' राजा नाही. अरबीत माश्यांच्या सरदाराला 'यासूब' असा पुल्लिंगी शब्द होता, युरोपातही जुने लोक राजाच समजत. पण ती मादी आहे आणि हुकूम सोडत नाही, अंडी घालते. कामकरी माश्याही माद्याच. त्या आधी कप्पे साफ करतात, अळ्यांना भरवतात, मेण काढतात, दारावर पहारा देतात आणि आयुष्याच्या शेवटच्या आठवड्यांत फुलांवर जातात. मेलिफेराची राणी अंड्यापासून १६ दिवसांत तयार होते, कामकरी २१ आणि नर २४ दिवसांत. हे आकडे पाठांतरासाठी नाहीत. चौकट उचलल्यावर राणी दिसली नाही, तरी ताजी अंडी दिसली म्हणजे तीन दिवसांपूर्वी ती होती, हे मधपाळाला कळतं. गर्दी झाली आणि पोळ्याच्या कडेला शेंगेसारखे राणीचे कप्पे लटकू लागले, म्हणजे मोहोळ फुटणार. जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन निघून जाईल. हुशार मधपाळ त्याआधीच विभाजन करतो आणि एकाच्या दोन पेट्या होतात.

आता सगळ्यात गैरसमजाचा शब्द: साखर. मधपाळाच्या घरी साखरेचं पोतं दिसलं, की गिऱ्हाईक म्हणतं, 'बघा, पकडला!' पण सह्याद्रीत आणि कोकणात पावसाळ्यात माश्यांना बाहेर पडता येत नाही आणि फुलंही नसतात. तेव्हा साखर आणि पाणी समभाग घेऊन पाक ठेवला नाही, तर मोहोळ उपाशी मरतं किंवा पेटी सोडून जातं. सातेरी तर घर सोडायला निमित्तच शोधत असते. जुलैतला साखरपाक ही माया आहे. हाच पाक फुलोऱ्याच्या दिवसांत, मधकोठ्या चढवलेल्या असताना दिला, तर ती लबाडी. म्हणून 'साखर देता का' असं न विचारता 'साखर कधी देता' असं विचारावं. खरा मधपाळ न बिचकता उत्तर देईल.

तसंच 'पक्का मध'. मकरंद आणला की माश्या पंखांनी वारा घालून त्यातलं पाणी कमी करतात आणि तयार झाल्यावर कप्पा मेणाने बंद करतात. बंद झालेला मध पक्का. आपल्याकडच्या मानकानुसार मधात २० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी नको. घाईने उघड्या कप्प्यांतला काढला तर तो पातळ राहतो, आंबतो. उलट थंडीत मध थिजला, दाणेदार झाला, की आपण 'साखर निघाली' म्हणून परत करतो. बहुतेक मध थिजतातच, कुठला लवकर, कुठला उशिरा. बाटली कोमट पाण्यात ठेवली की तो पुन्हा पातळ होतो.

हे शिकायला दूर जावं लागत नाही. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. महाबळेश्वरला राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे. तिथून जवळच्या मांघर गावाला मे २०२२ मध्ये 'मधाचे गाव' म्हणून मान मिळाला. आमच्या उर्दू शाळांतून बाहेर पडणारी किती मुलं या दारांपर्यंत जातात? कोकणातल्या आपल्या कित्येक गावांत तरुण आखातात आणि परसात नारळ, जांभूळ, काजू उभे आहेत. सातेरीची एक पेटी चांगल्या हंगामात साधारण पाच ते दहा किलो मध देते. त्यावर घर चालणार नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. दहा पेट्या नीट सांभाळल्या तर जोडउत्पन्न होतं, आणि बागेला परागीभवनाचा फायदा मिळतो तो वेगळा. कांद्याचं बी धरणारे शेतकरी तर पेट्या मुद्दाम आणून ठेवतात.

कामही बायकांना, निवृत्त माणसांना झेपेल असं आहे. पेटी सावलीत, जवळ पाणी. स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. तळपाट वेळच्या वेळी साफ, जुनी काळी पोळी काढून टाकायची, म्हणजे मेणकिडा लागत नाही. हंगामात आठ-दहा दिवसांनी, ऊन असताना पेटी बघायची. अत्तर लावून जायचं नाही. डंखाची ॲलर्जी असेल त्याने हा नाद करू नये. शेजारी शेतात औषध मारणार असेल तर संध्याकाळी, माश्या परतल्यावर मारा, एवढं आधी जाऊन सांगायचं.

'मधुमक्षिकापालन' हा शब्द मुलं फळ्यावरून उतरवून घेतात आणि विसरतात. तळपाट, चौकट, मधकोठी, मेणपत्रा हे शब्द त्यांना हातात धरता येतात. माध्यम उर्दू असो की मराठी, हेच शब्द शिकवावेत, कारण प्रशिक्षण याच शब्दांत मिळणार आहे. आणि मोठ्यांनी पुढच्या वेळी मध घेताना पाच प्रश्न विचारावेत. माशी कोणती? फुलोरा कशाचा होता? पोळं कापलं, जाळलं की यंत्रातून काढलं? कप्पे बंद झाले होते का? साखर कोणत्या महिन्यात दिली? ज्याला उत्तरं देता येतील, त्याच्याशी भावाची घासाघीस करू नये.