अभ्यासाची सावड

वाचकहो, एकट्याच्या बैलजोडीने नांगरट उरकत नाही, तेव्हा आपण सावड करतो. आज तुमच्या रानात, उद्या शेजाऱ्याच्या. सावडीत कोण आला, कोणी किती काम केले, हे सगळ्यांना दिसते. बांधावर बसून विडी ओढणारा लपत नाही.

शाळेच्या अभ्यासातही आता अशी सावड आली आहे. गूगल डॉक्ससारख्या साधनात एकच कागद उघडून पाच-सहा मुले आपापल्या घरून त्यात लिहू शकतात. विकिपीडिया हा तर जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेला ज्ञानकोश. इंग्रजीत तो २००१ साली सुरू झाला, मराठीत २००३ साली.

पण आपल्या घरी काय घडते? पोरगा म्हणतो, "बाबा, प्रकल्प करायचाय, मोबाईल द्या." अर्ध्या तासात चार पाने उतरवून मोकळा! विषय 'आपल्या गावातील पिके', आणि त्या चार पानांत गावाचे नावसुद्धा नाही. गुण मिळतात, पण पदरात काही पडत नाही. याचा सगळा दोष मोबाईलला देऊ नका. माहिती पारखून घ्यायची रीत आपण मुलांना शिकवलेली नाही.

ती रीत तुम्हाला ठाऊक आहे. जमीन घेताना आपण नुसता सातबारा पाहून थांबत नाही, फेरफारही काढतो. विकिपीडियाच्या पानालाही फेरफार असतो. 'इतिहास' उघडला की कोणता बदल कोणत्या तारखेला झाला ते दिसते. 'चर्चा' या पानावर लिहिणाऱ्यांचे वाद वाचता येतात. तळाशी 'संदर्भ' असतात, आणि आधार नसलेल्या वाक्यापुढे काही वेळा 'संदर्भ हवा' अशी खूण असते. जिथे कोणीही लिहू शकतो, तिथे वाचणाऱ्याने एवढे पाहिलेच पाहिजे.

मग आधार शोधायचा कुठे? शाळेच्या ग्रंथालयात. जिल्ह्याचे गॅझेटियर, मराठी विश्वकोशाचे खंड, शेतीची पुस्तके यांच्याशी ताडून पाहायचे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाईहून तयार झालेल्या विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. आता तो संगणकावरही वाचता येतो. मात्र पुष्कळ शाळांत पुस्तकांच्या कपाटाला कुलूप असते. पुस्तके वापरासाठी असतात, हे डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ सालीच ग्रंथालयशास्त्राचे पहिले सूत्र म्हणून मांडले होते!

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. विकिपीडियावर प्रसिद्ध झालेला, भरवशाचा आधार लागतो. आजीने सांगितलेली जोंधळ्याच्या जुन्या वाणाची माहिती कितीही खरी असली, तरी नुसत्या तिच्या शब्दावर तिथे चालत नाही. ती माहिती वर्गाच्या सामाईक कागदावर लिहावी. एकाने १९७२ च्या दुष्काळात गावच्या विहिरींना किती पाणी होते ते म्हाताऱ्यांना विचारावे, दुसरीने जुन्या बियाण्यांची नावे गोळा करावीत, तिसऱ्याने गॅझेटियर वाचावे. प्रत्येक नोंदीपुढे कोणी सांगितले आणि कधी सांगितले ते लिहावे. कापूस वेचणीमुळे घरी राहिलेली मुलगीसुद्धा रात्री आपला भाग भरू शकेल. कोणी काय लिहिले तेही कागदाच्या इतिहासात राहते, म्हणून बांधावर बसणारा इथेही सापडतो.

जपायचे एवढेच: हा कागद वर्गापुरता आणि गुरुजींच्या नजरेखाली असावा. जगाला दिसणाऱ्या पानावर मुलांची पूर्ण नावे, फोन नंबर किंवा फोटो घालू नयेत.

तेव्हा पुढच्या पालकसभेला माउली, तुम्ही आणि कारभारी दोघेही जा. ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते, आणि मुलांसाठी ते आठवड्यातून किती वेळा उघडते, हे गुरुजींना विचारा. आणि पोर वही घेऊन आजीजवळ बसले, तर "आधी अभ्यास कर" म्हणून त्याला उठवू नका. तोही अभ्यासच आहे.