हिमालयात निघून जाईन!

आमच्या अवसरीत माणूस फार वैतागला की म्हणतो, "सगळं सोडून हिमालयात निघून जाईन." जात कुणीच नाही. मीही कितीदा म्हटलंय!

ख्रिस मॅककँडलेस मात्र खरंच गेला. वय २४. साठवलेले पैसे दान केले, घरी पत्ता लागू दिला नाही आणि एप्रिल १९९२ मध्ये अलास्काच्या रानात एकटा शिरला. सोबत बंदूक, पुस्तकं आणि साडेचार किलो तांदूळ. राहिला कुणीतरी टाकून दिलेल्या जुन्या बसमध्ये. म्हणजे 'एकटा' तरी कितपत?

जुलैत तो परत निघाला, तर येताना गोठलेली नदी आता फुगली होती. काही अंतरावर तारेवरून पलीकडे नेणारा पाळणा होता, पण जवळ नीट नकाशाच नव्हता. ऑगस्टमध्ये तो उपासमारीने गेला. सुख वाटलं तरच खरं, असं काहीसं त्याने शेवटी लिहून ठेवलं होतं.

मला तो मूर्ख वाटत नाही. चाकणजवळच्या भामचंद्र डोंगरावर तुकोबाही एकांतात बसलेच होते की. पण ते देहूला परतले, लोकांत राहिले. एकांतात जावं जरूर, पण परतीची वाट ठाऊक असावी.

आमच्याकडे रात्री उसाला पाणी द्यायला निघालं की बिबट्याच्या धास्तीने शेजाऱ्याला हाक मारावी लागते. ज्याच्याशी बांधावरून भांडण, त्यालाच! आणि तो येतो.

हिमालय राहू दे तिकडेच.